मदत हवी आहे: विहिरीच्या दगडातले स्फटिक गावकऱ्यांकडून गोळा करायचेत

नमस्कार मंडळी, सिन्नर भागात विहिरींची खोदकामं चालू आहेत आणि वर टाकलेल्या दगडात भारी स्फटिक निघतायत. एकाच पोकळीत मोरासारखा पिसारा फुटलेला फिकट गुलाबी स्टिलबाइट आणि त्यावर काचेसारखे हिरवट अपोफिलाइटचे चौकोनी दाणे! लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, मग त्या पोकळ्यांत खनिजं घेऊन पाणी झिरपलं आणि त्यातून हे तयार झालं, पण आपल्याकडे हे बऱ्याचदा क्रशरमध्ये जातं किंवा व्यापारी उचलून नेतो, कुठल्या विहिरीत किती फुटांवर सापडलं याची नोंदच राहत नाही.

फिनलंडमध्ये साधी माणसं सापडलेला दगड तिथल्या भूवैज्ञानिक खात्याला पाठवतात, तिथल्या केमी गावाजवळचं क्रोमाइट (ज्यातून क्रोमियम धातू काढतात ते खनिज) १९५९ साली असंच एका स्थानिक पाणबुड्यामुळे सापडलं. मग आपल्या गावातली पोरं, खोदकामवाले आणि शेतकरी मिळून का नाही करणार?

तर विचारायचं हे की नमुन्यासोबत ठिकाण, खोली आणि फोटो सोडून अजून काय लिहून ठेवायचं? कॅल्साइट पातळ अ‍ॅसिडने फसफसतं आणि गारगोटी काचेवर ओरखडा काढते एवढं पोरांना शिकवलंय, पण ह्यूलँडाइट (स्टिलबाइटच्याच जातीचं खनिज) आणि स्टिलबाइट नुसत्या डोळ्यांनी ओळखायला कसं शिकवू? शेतमालकाची परवानगी घेतोच, बाकी कायद्याचं काही असेल तर तेही सांगा. जिऑलॉजीवाल्या कुणाला एखाद्या रविवारी येणं जमेल का? जेवणाची सोय आमच्याकडे.