मागे ड्रम म्हणजे फसवणूक? आधी घाट उतरायला शिका

घाटकरी:
काल 'टॉपमॉडेल_सातारा' यांनी इथं लिहिलं, "मागे ड्रम असलेली गाडी पसरणी घाटात घालणं म्हणजे आत्महत्या. अजून ड्रम देणाऱ्या कंपन्या गिऱ्हाइकाला येडं समजतात." खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून जरा सविस्तरच लिहितो. नवख्यांसाठी: पसरणी म्हणजे वाई-पाचगणीचा घाट. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाच्या बंद डब्यात आतून लायनरची पट्टी घासते तो, डिस्क ब्रेक म्हणजे उघड्या चकतीला दोन्हीकडून पॅड चिमटतात तो.

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं, नाक खाली जातं. थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात आणि पुढं डिस्क आजकाल सगळ्यांनाच असते. मागं जास्त जोर गेला तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणजे मागे डिस्क बसवली तरी कंपनी तिला जोर बेतानंच देणार. मग छोट्या गाडीला चार डिस्कची हौस कशाला? हँडब्रेकसुद्धा ड्रमला स्वस्तात आणि घट्ट बसतो. फोक्सवॅगनच्या आयडी.४ ला मागे ड्रमच आहेत. तिकडचे लोकपण येडे का?

टॉपमॉडेल_सातारा:
वा, उदाहरण काय शोधलंय! आयडी.४ विजेची आहे. तिथं बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते, मागचे ब्रेक रिकामे बसतात, डिस्क असती तर गंजली असती. तुमच्या पेट्रोल गाडीला हा न्याय कसा लावता?

ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब सरकतो. पेडल आणखी खाली. डिस्क उघड्यावर असते, वाऱ्यानं गार होते. ड्रममध्ये पाणी शिरलं की लवकर निघत नाही, डिस्कवरचं पॅड पुसून काढतो. यवतेश्वरचा पाऊस विसरलात वाटतं. आणि मागे तिघं नि डिकीत सामान असलं की मागच्या चाकावर वजन असतंच की! ते तुमच्या हिशोबात कुठाय?

मेढेकर:
भांडा. आमच्या साडूंची गाडी टॉप मॉडेल, चारी डिस्क. केळघर घाट उतरताना मागनं येणाऱ्या मला करपट वास यायला लागला. दोन वळणांनंतर साडू कडेला. पेडल पार खाली टेकलेलं, पुढच्या चाकातनं धूर, आणि ताई डोक्याला हात लावून दगडावर बसलेल्या. ड्रमवाला मी मागे उभा राहून पाणी देतोय.

टॉपमॉडेल_सातारा:
एका साडूवरनं इंजिनिअरिंग ठरत नाही.

गॅरेजवाला:
मेढेकर, साडूंनी ब्रेक ऑइल कधी बदललं होतं विचारा. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ जातीचं ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी धरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की नळीत बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला जातो, ब्रेक लागत नाही. तिथं डिस्क काय नि ड्रम काय.

आता माझं दुखणं. गिऱ्हाईक येतं, "ऑइल कमी झालंय, जरा भरा." अहो, पॅड झिजले की पातळी खाली येणारच! नुसतं वर भरलं की झीज झाकली जाते. ड्रम तर कोणी उघडूनच बघत नाही. सर्व्हिसच्या कागदावर 'ब्रेक तपासले' अशी टिक, आणि आत लायनरची पावडर मुठीनं निघते. दोष ड्रमचा नाही, टिक मारणाऱ्याचा आहे.

वाईचे_आबा:
एवढं तापतंच कसं? आम्ही पाचगणीवरनं न्यूट्रलमध्ये उतरायचो, पेट्रोल वाचायचं, ब्रेकपण शाबूत. हल्लीच्या पोरांना गाडी चालवता येत नाही.

घाटकरी:
आबा, आता मात्र हद्द झाली. पाचगणी ते वाई पाचशे मीटरच्या वर उतार आहे. दीड टनाची भरली गाडी तेवढी खाली आणायची तर सत्तर लाखांवर ज्यूल उष्णता निघते, वीस लिटर पाणी उकळेल एवढी. गिअरमध्ये असाल तर त्यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रल केलं की बराचसा भार ब्रेकच्या बोकांडी. आणि पेट्रोल? इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. वाचवायला जाता आणि जाळता.

वाईचे_आबा:
मला शिकवू नका. तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून घाट उतरतोय.

टॉपमॉडेल_सातारा:
तुमच्या वेळच्या गाडीला कार्बुरेटर होता, इंजेक्शन नव्हतं, आबा. तेव्हाचं तिथं ठेवा. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रकवाले हेच करतात आणि मग पेपरात फोटो येतात.

मेढेकर:
बघा, दोघं एका बाजूला आले. आबांचे उपकार.

यवतेश्वरची_पोरगी:
माझी ऑटोमॅटिक आहे. मी कुठला गिअर टाकू? हे कोणी सांगत नाही, सगळे फुशारक्या मारताय.

गॅरेजवाला:
ताई, एल (लो) किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर. डी (ड्राइव्ह) वर सोडलं तर बऱ्याच गाड्या वरचा गिअर धरतात आणि मग पाय ब्रेकवरच राहतो. वेग वाढला की एकदा ठाम दाबा आणि सोडा, सतत घासत ठेवू नका. इंजिन मात्र बंद करायचं नाही. पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

टॉपमॉडेल_सातारा:
ठीक आहे, साध्या गाडीला ड्रम पुरतात, लिहून घ्या. पण बारा-पंधरा लाख मोजून घेतलेल्या गाडीला ड्रम दिला तर मी बोलणारच. सनरूफला पैसे आहेत, डिस्कला नाहीत?

घाटकरी:
सनरूफवर तुम्ही म्हणाल त्या कागदावर सही करतो. "आत्महत्या" तेवढं खोडा.

टॉपमॉडेल_सातारा:
खोडलं. "बेअक्कलपणा" केलंय. खूश?

वाईचे_आबा:
काहीही म्हणा, रविवारी पाचगणीवरनं मी न्यूट्रलमध्येच उतरणार.

मेढेकर:
निघताना इथं टाका, आबा. आम्ही केळघरनं जातो.