सरळ रेषेचा मोह सोडा

घरच्या संगणकावर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उडवताना प्लॅनर, म्हणजे मार्ग आखून देणारा प्रोग्रॅम, लंडन-न्यूयॉर्कचा मार्ग सरळ न देता उत्तरेकडे वर वाकवून का देतो, हा नवख्याचा प्रश्न मलाही पहिल्यांदा पडला होता. मुलीसाठी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला तेव्हा कळलं: दोरा आयर्लंडवरून न्यूफाउंडलंडकडेच जातो. सपाट नकाशा फसवतो. शिवाय पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीम (उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा) नाकावर येते, तिला टाळायला प्लॅनर आणखी वळसा घेतो.

अटलांटिकवरचे ट्रॅक, म्हणजे विमानांसाठी आखून दिलेले मार्ग, रोज वाऱ्यानुसार बदलतात, म्हणून महिन्यापूर्वी सेव्ह केलेला मार्ग वापरू नका. पश्चिमेकडच्या ट्रॅकची वेळ ३० अंश पश्चिम रेखांशावर ११३० ते १९०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ५ ते रात्री साडेबारा. हिंजवडीहून घरी येऊन चहा घेऊन बसणाऱ्याला आयतंच! पूर्वेकडच्या ट्रॅकची वेळ ०१०० ते ०८०० यूटीसी, त्यांवरून रविवारी सकाळी उडा. समुद्रावर दर १० अंश रेखांशाला एक बिंदू येतो, तिथलं इंधन प्लॅनशी ताडून कागदावर लिहा. मी लिहितोच, बायको हसली तरी.

दोन इंजिनांचं विमान असेल तर एक इंजिन बंद पडल्यास उतरायला वाटेतले पर्यायी विमानतळ लागतात; म्हणून शॅनन (आयर्लंड), केफ्लाविक (आइसलँड), गँडर (न्यूफाउंडलंड), लाजेस (अझोर्स बेटं) यांचं हवामान निघण्यापूर्वी बघा.

आणि ऑटोसेव्ह चालू ठेवा हो. गेल्या पावसाळ्यात मध्य अटलांटिकवर असताना कोथरूडची वीज गेली. जवळचा पर्यायी विमानतळ दोन तासांवर, इन्व्हर्टर पंधरा मिनिटांचा.