रात्री क्वार्टर, सकाळी समृद्धी: किती तास सोडायचे?

हिंगणारोड: शनिवारी हळदीला सावजीचा बेत आहे. नऊला बसणार, अकरापर्यंत एक क्वार्टर होईल. वजन ७० किलो. सकाळी ६ला नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग धरून शिर्डीला निघायचं, गाडी मलाच चालवायची आहे. झोप झाली की चालतं ना? की क्वार्टरऐवजी दोन बिअर घेऊ?

संत्रानगरी: बिअर काहून हलकी वाटते भाऊ? क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्के, अल्कोहोल ६१ ग्रॅम. ६५० मिलीच्या ८ टक्केवाल्या स्ट्राँग बाटलीत ४१, दोनमध्ये ८२. बिअरवालाच जास्त प्यायला!

रक्तात किती ते काढायला ग्रॅमला वजन गुणिले ०.६८ ने भागा (बायकांसाठी ०.५५). ६१ भागिले ४७.६ म्हणजे १.२८, म्हणजे १०० मिली रक्तात १३० मिग्रॅच्या आसपास. लिव्हर ताशी सरासरी १५ मिग्रॅ उतरवतं. पहिल्या घोटापासून ९ तासांत १३५ गेले, कागदावर शून्य. पण काहींचं ताशी १०च उतरतं. त्यांचे सहाला ४० उरतात, आणि गाडी चालवायला कायद्याची मर्यादा आहे ३०. दोन स्ट्राँगवाल्याचे तर सरासरी धरूनही ३५-४० उरतील.

हिंगणारोड: आणि कडक चहा, लिंबूपाणी, आंघोळ?

बर्डीवाला: डोळे उघडतील, आकडा हलणार नाही. पान-बडीशेपही फुकट; पोलिसांचं फुंकायचं यंत्र तोंडाचा वास नाही, फुप्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं. माउथवॉशने मात्र आकडा थोडा वेळ खोटा चढतो. तसं असेल तर सांगा आणि १५ मिनिटांनी परत फुंका.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५: पहिल्यांदा १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५,००० दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फुंकायला नकार देणं सगळ्यात वाईट: संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक होते, आणि योग्य कारण नसेल तर तो नकारच कोर्टात तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा विम्याचा क्लेमही अडकतो.

संत्रानगरी: आणि ३०च्या खाली आला म्हणजे फिट झाला असं नाही. १२०च्या वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. त्यात अर्धवट झोप आणि तो सरळसोट रस्ता. डुलकी कधी लागली कळत नाही बाप्पा. क्वार्टर घेतली तर सकाळी ११ला निघा. दोन स्ट्राँग घेतल्या तर दुपारी २च्या आधी किल्ली घेऊच नका. सहालाच निघायचं असेल तर शनिवारी फक्त रस्सा-भाकरी.