मदत हवी आहे : घर बदललं आणि बुंदीची फटाक्यांची भीती परत आली

जास्वंद

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. कुत्री पाळणारे, पशुवैद्य, मेंदूविज्ञान जाणणारे कुणी असाल तर कृपया वाचा. गणपती नऊ दिवसांवर आलेत आणि मला काही सुचत नाहीये.

बुंदी आमची देशी कुत्री, वय साधारण चार. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्याखाली पिल्लू असताना सापडली. मागच्याच्या मागच्या दिवाळीत तिला रात्री फिरवून आणत होते, तेव्हा फाटकापाशी कुणीतरी लावलेला सुतळी बॉम्ब तिच्यापासून चार हातांवर फुटला. पट्टा माझ्या हातातून निसटला. रात्री दीड वाजता ती राम मारुती रोडला एका बंद दुकानाच्या फळीखाली सापडली. लाळ गळत होती, नखं रक्ताळलेली. उचलून घेतली तर तिचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं.

त्यानंतर फटाकाच काय, कुकरची शिट्टी झाली, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, तरी ती पलंगाखाली. पुढच्या फेब्रुवारीपासून मी रोज संध्याकाळी तिला हॉलमध्ये तिच्या गोधडीवर बसवून मोबाईलवर फटाक्यांचे आवाज अगदी बारीक लावायचे आणि प्रत्येक आवाजानंतर उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचे. आवाज हळूहळू वाढवला. आठ महिने एकही दिवस चुकवला नाही. गेल्या दिवाळीत बाहेर माळा फुटत होत्या आणि बुंदी गोधडीवर पाय पसरून पडली होती. त्या रात्री मी रडले.

मे महिन्यात इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही मानपाड्याला चौदाव्या मजल्यावर भाड्याने आलो. परवा दहीहंडीला खालचे स्पीकर सुरू झाले, मग फटाके. बुंदी बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसली. सहा तास थरथरत होती, पाण्यालाही तोंड लावलं नाही. काल घाईघाईने पुन्हा सराव सुरू केला. चिकनचा डबा उघडून तयारीत बसले आणि मोबाईल लावला. आज नुसतं डब्याचं झाकण वाजलं तरी ती पळाली.

एका डॉक्टरांनी दहीहंडीसाठी गोळी दिली होती. ती दिल्यावर बुंदी तिथेच लोळागोळा होऊन पडली, पण डोळे टक्क उघडे, आणि प्रत्येक आवाजाला कातडी थरथरायची. ती झोपली नव्हती, तिला फक्त हलता येत नव्हतं असं मला वाटलं. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

आठ महिन्यांत ती जे शिकली ते पुसलं गेलं का? पुन्हा पहिल्यापासून? आणि तिला जवळ घ्यावं की नाही? सासूबाई म्हणतात, घाबरल्यावर कुरवाळलंस तर घाबरायची सवय लागेल. मला मांडीवर घेतल्याशिवाय राहवत नाही.

खाडीकाठ

आमच्या कळव्याच्या मोतीचं असंच होतं. लगेच करण्यासारखं सांगतो : रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली निवडा, पडदे लावा, पंखा पूर्ण वेगात ठेवा. बादलीमागे जात असेल तर जाऊ द्या, ओढून काढू नका. बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि छातीचा पट्टा दोन्ही. पुन्हा निसटायला नको.

जुना_मास्तर

जास्वंदताई, औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिचं शिकणं पुसलं गेलेलं नाही. पण गेल्या दिवाळीत तिची भीतीही पुसली गेली नव्हती. दोन्ही आठवणी तिच्या मेंदूत शेजारी शेजारी आहेत.

त्या रात्री तिच्या रक्तात ॲड्रेनॅलिन उसळलं आणि मेंदूच्या अमिग्डाला या भागात नॉरॲड्रेनॅलिन सुटलं. कॅलिफोर्नियात जेम्स मॅगॉ यांनी उंदरांवर दाखवलं की शिकवणी संपल्या-संपल्या असं रसायन टोचलं, तरी झालेली आठवण जास्त घट्ट बसते. घटना घडून गेल्यावरही काही काळ ती पक्की होत असते आणि ही रसायनं जणू शिक्का मारतात : हे जपून ठेव. म्हणून तुम्हाला आठ महिने लागले आणि बॉम्बला एक क्षण पुरला.

कुकरच्या शिट्टीचं उत्तर समुद्रातल्या एका गोगलगायीत सापडतं. एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया नावाच्या गोगलगायीच्या शेपटीला विजेचा झटका दिला, तर नंतर साधा हलका स्पर्श झाला तरी ती कल्ला जोरात आत ओढून घ्यायची. झटक्यामुळे सेरोटोनिन हे रसायन सुटतं आणि चेतापेशींमधला निरोप मोठा होतो. एका झटक्याचा परिणाम थोडा वेळ टिकतो. तेच झटके काही दिवस दिले तर पेशींमध्ये नवे जोडच तयार होतात आणि परिणाम आठवडे टिकतो. या कामासाठी त्यांना २००० सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. बुंदीच्या मेंदूतही धोक्याची पातळी अशीच वर चढली होती, मग शिट्टी आणि बॉम्ब यांतला फरक उरला नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. कुत्र्यांना घंटेवर लाळ गाळायला शिकवणाऱ्या पावलोव्ह यांनाच दिसलं होतं की सवय मोडल्यावर काही काळ मध्ये गेला तर ती आपोआप डोकं वर काढते. पुढे उंदरांवर कळलं की जागेलाही फार महत्त्व आहे. एका पिंजऱ्यात उंदराला विशिष्ट आवाजाची भीती बसवली, दुसऱ्या पिंजऱ्यात तोच आवाज काही न करता वारंवार ऐकवून ती घालवली, आणि मग तिसऱ्याच पिंजऱ्यात आवाज ऐकवला, की उंदीर पुन्हा थिजतो. भीती सगळीकडे बरोबर येते. ‘या आवाजाने काही होत नाही’ हे मात्र जिथे शिकलं त्या जागेला चिकटून राहतं, आणि जागेची ही खूण मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग ठेवतो. बुंदी फटाक्यांना घाबरायचं नाही असं शिकली नव्हती. नौपाड्याच्या हॉलमध्ये, त्या गोधडीवर घाबरायचं नाही, एवढं शिकली होती.

ती गोधडी आहे का अजून? असेल तर धुऊ नका.

जास्वंद

सर, वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलं. गोधडी शिफ्टिंगच्या खोक्यात माळ्यावर आहे. नव्या घरात जुनेर नको म्हणून नवीन गादी आणली होती तिच्यासाठी.

पावसाळी_ढग

एक भाबडा प्रश्न. औषध देऊन ती वाईट आठवणच पुसता येत नाही का?

जुना_मास्तर

प्रश्न भाबडा नाही. २००० साली करीम नादर, ग्लेन शाफ आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांना भीतीची आठवण करून दिली आणि लगेच थेट अमिग्डालामध्ये प्रथिनं बनणं थांबवणारं औषध सोडलं. नंतर ती भीती दिसेनाशी झाली. आठवण काढली की ती काही तास पुन्हा कच्ची होते, असा त्याचा अर्थ. पण मेंदूत सुई घालून असलं विषारी औषध घरच्या कुत्र्याला कोण देईल?

आणि डब्याचं, ताई. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर काम केलं. फळाचा रस अचानक मिळाला की या पेशी जोरात चेततात. रसाआधी दरवेळी दिवा लागत असेल तर काही दिवसांनी त्या रसाला नाही, दिव्याला चेततात. मेंदू बक्षिसापेक्षा त्याची चाहूल शिकतो. नौपाड्यात आधी आवाज, मग चिकन असा क्रम होता, म्हणून आवाजच चिकनची चाहूल झाला. काल तुम्ही डबा आधी उघडलात, तर डबा आवाजाची चाहूल झाला. काही दिवस डबा उघडून नुसतंच खायला द्या, मोबाईल अजिबात लावू नका. मग क्रम पूर्वीचाच.

ऐरोलीची_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. चिठ्ठी पाहिलेली नाही, म्हणून नाव तपासून घ्या, पण वर्णन ॲसेप्रोमाझिन या गुंगीच्या औषधासारखं वाटतं. ते मुख्यतः डोपामिन अडवतं, शरीर ढिलं पडतं, पण भीती तशीच राहते. तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर ओळखलंत. आवाजाच्या भीतीसाठी नुसतं तेच देऊ नये असं आता बहुतेक वर्तनतज्ज्ञ मानतात. दुसरी औषधं आहेत : मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचं काम वाढवणारी, नॉरॲड्रेनॅलिनचा जोर कमी करणारी. सणाच्या दिवसापुरतं औषध हवं असेल तर आधी एखाद्या शांत दिवशी देऊन परिणाम बघावा लागतो, म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. फ्लुओक्सेटिनसारखी सेरोटोनिनवरची औषधं लागू पडायला काही आठवडे घेतात. ती गणपतीला कामाची नाहीत, पण आत्ता सुरू केली तर दिवाळीला उपयोगी पडतील. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कृपया देऊ नका.

आणि तिला मांडीवर घ्या. बसणं किंवा पंजा देणं ही कृती बक्षिसाने वाढते. भीती ही भावना आहे, कुरवाळल्याने ती वाढत नाही. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५ साली आढळलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

एक अजून. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून बॉम्बचा खालचा दणका येतच नाही, जमिनीतून येणारा हादरा तर नाहीच. तिच्या कानांना मोबाईल आणि सुतळी बॉम्ब हे सारखे आवाज नाहीत. मोठा स्पीकर मिळाला तर बघा, पण सुरुवात अगदी बारीक आवाजाने. आणि सराव एकाच खोलीत ठेवू नका. बेडरूम, जिना, कुणा नातेवाइकांचं घर, जितक्या जास्त जागा तितकं बरं.

जास्वंद

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या दुपारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, या वेळी चिठ्ठी घेऊन जाईन आणि औषधाचं नाव नीट विचारून घेईन. भाऊ कोपरखैरण्याला राहतो, रविवारी सराव त्याच्याकडे करू.

मघाशी नवऱ्याने माळ्यावरून खोकं काढलं. गोधडी हॉलमध्ये टाकली. बुंदी लांबूनच पाहत होती, मग आली, बराच वेळ एकच कोपरा हुंगत राहिली, आणि गोल फिरून त्यावर बसली. डबा तिच्यासमोर उघडला तेव्हा कान मागे गेले, पण उठली नाही. दोन तुकडे खाल्ले. मोबाईल आज लावला नाही.

सर, एक विचारायचं राहिलं. आम्ही दोन-अडीच वर्षांनी पुन्हा नौपाड्याला जाणार, पण तिथे सगळंच नवीन असेल. ही गोधडी तोवर टिकली नाही तर? आत्तापासून तिच्या जोडीला दुसरं एखादं कापड ठेवत जाऊ का?