न्हाणीघरातला मोठा कोळी पाळता येईल का?

प्रश्न
चिपळूणजवळच्या आमच्या कौलारू घराच्या न्हाणीघरात तळहाताएवढा, तपकिरी, चपटा कोळी राहतो. तो जाळे विणत नाही. रात्री दिवा लावला की झुरळामागे धावताना दिसतो. सध्या त्याने पोटाखाली पांढरट, गोल, चपटी पिशवी धरली आहे. मुलीला तो बरणीत पाळायचा आहे. ठेवल्यास खायला काय द्यावे?

प्रतिसाद १
वर्णनावरून ही हेटेरोपोडा व्हेनाटोरिया जातीची मादी असावी. पिशवीत अंडी आहेत आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत ती फारसे काही खात नाही, त्यामुळे खाण्याचा प्रश्न तूर्त गौण आहे. अशा वेळी तिला पकडून बरणीत टाकल्यास ती पिशवी टाकून देण्याची किंवा स्वतःच खाऊन टाकण्याची शक्यता असते; आणि समजा पिल्ले निघालीच, तर त्या बरणीत शेकडो पिल्ले एकमेकांना खाऊ लागतील. तिला आहे तिथेच राहू द्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २
सहमत आहे. मुलीला कोळी पाळायचाच असेल, तर खिडकीत माश्या टिपणारा लहानसा उडी मारणारा कोळी ठेवावा. झाकणाला बारीक भोके पाडलेली, उभी पारदर्शक बरणी, आत एक काटकी, एका कडेला पाण्याचे चार थेंब आणि दोन-तीन दिवसांनी एखादी जिवंत माशी एवढे त्याला पुरते. मात्र औषध फवारलेल्या घरातले कीटक मुळीच देऊ नयेत, कारण ते विष कोळ्याच्या पोटात जाते. कोळी रेशमी पिशवी विणून आत बसला आणि खाईनासा झाला, तर तो बहुधा कात टाकत असतो. त्या काळात बरणी हलवू नये आणि उरलेला कीटक बाहेर काढावा.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी सांगतो. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारे केसाळ, नक्षीदार पायांचे कोळी याच हौसेपोटी पकडले जातात. त्या पोसिलोथेरिया वंशाचा २०१९ साली साईट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला असून त्यांच्या दंशाने स्नायूंत तीव्र पेटके येतात. त्यांना हात लावू नये.

प्रश्नकर्ता
आभार. मादीला तिथेच राहू देतो. पिल्ले घरभर पसरतील का, अशी सौ.ला धास्ती आहे.

प्रतिसाद १
पसरतील, पण त्यांतल्या बहुतेकांना पाली आणि मुंग्या खाऊन टाकतील.