मदत हवी आहे: अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून एकसारख्या पट्ट्या कशा काढाव्यात?

मंडळी, १:६४ प्रमाणात शिडाच्या जहाजाची प्रतिकृती करतोय. लाकूडकाम बऱ्यापैकी जमलं, पण पितळेनं घाम काढलाय. सुकाणूच्या बिजागऱ्या आणि डोलकाठीचे दोर जहाजाच्या अंगाला धरून ठेवणाऱ्या चेनप्लेट ०.५ मि.मी. पत्र्यातून काढायच्यात. चेनप्लेटची रुंदी जेमतेम दीड मि.मी., म्हणजे खऱ्या जहाजावर साधारण १० सें.मी. अशा २४ हव्यात.

कात्रीनं कापली की पट्टी पीळ खाते. म्हणून सोनारकामाची करवत घेतली, ४/० नंबरची पाती लावली. काल सात पाती मोडली आणि पट्ट्या झाल्या दोन! त्याही एकमेकींच्या जुळ्या सोडाच, चुलत बहिणीही वाटत नाहीत. बिजागरी वाकवली तर कोपऱ्यावर तडा.

पात्याचे दात मुठीकडेच आहेत, मेणही लावतो. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

हात नाही, पत्रा चुकतोय. ४/० पात्याच्या दोन दातांत साधारण ०.४ मि.मी. अंतर असतं. तुमच्या पत्र्याच्या जाडीत एका वेळी एखादाच दात बसतो, कडेला अडकतो आणि पातं मोडतं. निदान दोन-तीन दात धातूत हवेत. त्याहून बारीक दातांचं ८/० घेतलंत तरी दोन दात पुरते बसत नाहीत, आणि ते पातं केसासारखं नाजूक.

त्यापेक्षा पत्र्याचे तीन-चार तुकडे सुपरग्लूनं एकावर एक चिकटवा. वर कागदी नकाशा डकवा. आधी भोकं पाडा, मग कापा, मग थप्पी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून बारीक कानशीनं रेषेपर्यंत आणा. दात नीट बसतात आणि सगळ्या पट्ट्या आपोआप सारख्या होतात. नंतर अ‍ॅसिटोनमध्ये भिजत ठेवा, सुटतात. (अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं, जवळपास ज्योत नको.)

प्रतिसाद २

तड्याबद्दल: वाकवायच्या आधी पितळ तापवून मऊ करा. खोलीत अंधार करून मंद लाल दिसेपर्यंतच. त्यापुढे गेलात तर एवढी पातळ पट्टी बघता बघता वितळते. मग पाण्यात बुडवा. पोलादासारखं ते कडक होत नाही, मऊच राहतं. पण हे कापून-घासून झाल्यावरच करा, मऊ पितळ करवतीला चिकटतं. सुपरग्लूचा अंशही उरू देऊ नका, तापल्यावर धूर डोळ्यांना झोंबतो.

आणि पत्र्यावर तो लाटून बनवताना पडलेल्या बारीक रेघा दिसतात ना, पट्टीची लांबी त्यांच्या दिशेनं ठेवा. घडी रेघांना आडवी पडली की तडा कमी जातो.

धागाकर्ता

चार पत्र्यांची थप्पी केली, एकच पातं शेवटपर्यंत टिकलं! बिजागरीही न तडकता वळली. फक्त सगळ्यात खालच्या पट्टीतलं भोक कडेला सरकलंय. हातानं ड्रिल फिरवतो, त्याचा हा परिणाम का?

प्रतिसाद १

हो, तिरकं गेलं. उभं ड्रिल स्टँड नसेल तर तीनच पत्रे घ्या, आणि भोकाच्या जागी सुंभ्यानं (टोकदार पंचनं) खूण करूनच सुरुवात करा.