‘पीके’मधला शंकर खुर्च्यांखालून रांगतो तेव्हा

कुडाळची लेक

मुठाकाठी या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी परवा लिहिले की, ‘पीके’ हा हिंदी चित्रपट पाहून ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांना संतांचे अभंगही पचले नसते, कारण नवसाने मुले होत असतील तर पती कशाला करावा, असे तुकोबांनी विचारले आणि त्याचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी तेच विचारत आहेत. हे विधान मला पटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अहमदाबादेत चित्रपटगृहांची नासधूस करणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. माझी तक्रार एका प्रसंगाविषयी आहे. नाटकात शंकराची भूमिका करणारा एक नट स्वच्छतागृहात असतो, पृथ्वीवर अडकलेला परग्रहवासी नायक पीके त्याला खरा देव समजून गाठतो, आणि तो बिचारा घाबरून पळत सुटतो व भर सभेत खुर्च्यांखालून रांगतो. माझ्या आजूबाजूचे प्रेक्षक पोट धरून हसत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र माझे मामा उभे राहिले. दशावतारात, म्हणजे कोकणात देवळासमोर रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, त्यांनी 30 वर्षे विष्णू केला. रात्रभर देवळासमोर उभे राहून पहाटे शेवटचा दहीकाला झाला की त्यांच्या आईच्या वयाच्या बायका त्यांच्या पाया पडत. मामांना विडीचे व्यसन होते, परंतु मुकुट डोक्यावर असेपर्यंत त्यांनी ती कधी ओठांना लावली नाही. मुकुट उतरवून, पेटाऱ्यात ठेवून, त्याला हात जोडल्यावरच ते विडी पेटवत. ते देव नाहीत हे त्यांनाही ठाऊक होते आणि त्या म्हाताऱ्यांनाही. त्या वेशाचा मान ज्याला कळत नाही, त्याने तुकोबांचे नाव घेऊ नये.

मुठाकाठी

ताई, तुमच्या मामांविषयी मला आदर वाटतो, पण संतांविषयीचे तुमचे म्हणणे अर्धवट आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला मूळ मायेचा कारटा म्हटले, नामदेव त्याच्याशी भांडले, आणि हे सारे आपण टाळ वाजवत गातो. तुमच्याच दशावतारात काळ्या वेशातला संकासुर देवळाच्या दारात भटजींची यथेच्छ टिंगल करतो. तेथे कोणाच्या भावना दुखावत नाहीत, मग चित्रपटानेच काय पाप केले?

मी का चिडून लिहितो तेही सांगतो. माझ्या वडिलांना मधुमेह होता. आमच्या भागातल्या एका महाराजांनी अंगारा दिला आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. आईने बांगड्या मोडून दक्षिणा दिली. वडील चार महिन्यांत गेले, आणि महाराजांनी आमच्या श्रद्धेत खोट काढली. डॉ. दाभोलकरांची हत्या झाल्यावर, 2013 मध्ये, या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. आमच्यासाठी तो फार उशिरा आला. त्यामुळे सौरभ शुक्ला यांनी साकारलेले ढोंगी बाबा तपस्वी महाराज पडद्यावर आले तेव्हा मी एकदाही हसलो नाही.

कुडाळची लेक

तुमच्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. तपस्वी महाराजांवर कितीही कोरडे ओढावेत, मी टाळ्याच वाजवीन. परंतु जनाबाईंचे उदाहरण तुमच्या विरुद्ध जाते. आईने लेकराला कारट्या म्हणणे आणि परक्याने म्हणणे यांत फरक आहे. जनाबाई दळता दळता भांडली, कारण तिचा विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावत होता. संकासुराचे म्हणाल, तर तो वेद चोरणारा असुर आहे. त्याची टिंगल सगळे ऐकून घेतात, कारण शेवटी विष्णू येऊन त्याचा वध करणार असतो.

वेंगुर्ल्याचा

येथे मला हरकत घ्यावीशी वाटते. संकासुर मरतो म्हणून लोक त्याला सहन करतात, हे खरे नाही. लोक त्याच्यासाठी जागे राहतात. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी नाचतात, सरस्वती येते, पण संकासुर मालवणीतून बोलू लागला की पोरांपासून मानकऱ्यांपर्यंत सगळा प्रेक्षकवर्ग हसतो. गावातल्या ज्या गोष्टी कोणी तोंडावर बोलणार नाही, त्या तो बोलतो. खरे दुःख निराळेच आहे. आज दशावतारी कंपन्या हा पूर्वरंग, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग, उरकून टाकतात, कारण प्रेक्षकांना लवकर आख्यान, म्हणजे मुख्य कथा, हवे असते आणि त्यातही ट्रिकसीन, म्हणजे चमत्काराच्या करामती, हवे असतात. ज्या समाजाने आपला संकासुर सांभाळला नाही, त्याने दिल्लीत घडणाऱ्या हिंदी चित्रपटावर रागावण्यात अर्थ नाही.

कुडाळची लेक

पूर्वरंग आखडला हे मान्य आहे, आणि त्याचे मलाही दुःख आहे. पण संकासुर भटजीला छळतो. विष्णूला तो लोकांच्या पायांतून रांगायला लावत नाही.

विदर्भवासी

चर्चा ‘पीके’ची आहे की दशावताराची? मला चित्रपटाचा पूर्वार्ध अतिशय आवडला. देवळाबाहेर चपलांना कुलूप लावणे, देव हरवल्याची पत्रके वाटणे, झाडाखालच्या दगडाला रंग लावून चार नाणी ठेवली की परीक्षेला निघालेली मुले कशी वाकतात ते दाखवणे, हे सारे नेमके होते. परंतु शेवटी वाद जिंकला जातो तो बेल्जियममधल्या पाकिस्तानी दूतावासाला फोन लावून. नायिका जग्गूला तिच्या पाकिस्तानी प्रियकराने, सरफराजने, फसवले नव्हते एवढेच त्यातून सिद्ध होते. देव आणि त्याचे दलाल यांच्यातला प्रश्न प्रेमकथेच्या आड लपवला गेला, आणि याबद्दल कोणालाच राग आलेला दिसत नाही.

शाळामास्तर

मला राग आला तो वेगळ्या कारणाने. चर्चमध्ये नारळ आणि मशिदीत मद्य हे प्रसंग क्षणभर येऊन जातात, आणि सगळा वेळ मात्र एकाच धर्माच्या बाबाला दिला आहे. पोस्टरविरुद्धची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांना आवडत नाही त्यांनी पाहू नये, असे म्हटले होते. कायद्याने ते योग्यच आहे, पण त्यामुळे माझा प्रश्न सुटत नाही.

मुठाकाठी

मास्तर, ज्याच्या घरी आग लागली तो आधी स्वतःच्या घरावर पाणी ओततो. माझ्या आईच्या बांगड्या आमच्याच धर्माच्या महाराजांनी नेल्या.

आणि ताई, एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो. तो नट पळत पळत कोठे पोहोचतो, हे तुम्ही पाहिले का? तो तपस्वींच्या सभेत शिरतो, आणि त्याच्या मागोमाग गेलेल्या पीकेला तेथे स्वतःच्या ग्रहावर परतण्यासाठी लागणारे, चोरीला गेलेले यंत्र दिसते. शंकराच्या डमरूतला मणी म्हणून महाराज ते भक्तांना दाखवत असतात. खोटा मणी मिरवणारा व्यासपीठावर सन्मानाने बसला आहे आणि पोटासाठी वेश घेणारा गरीब नट जमिनीवर आहे. शंकराचा अपमान या दोघांपैकी कोणी केला? तुम्ही मामांच्या आठवणीत रमून दिग्दर्शकावर अन्याय केलात, असे माझे ठाम मत आहे.

कुडाळची लेक

‘रमून’ हा शब्द मला लागला. मी रमले नव्हते, मी उठून बाहेर गेले होते. परत आले तेव्हा ती सभा संपली होती, त्यामुळे मण्याचा प्रसंग मी पाहिलेला नाही. आपण सांगता तसे असेल तर त्या मांडणीला अर्थ आहे, आणि तेवढ्यापुरता माझा आक्षेप मागे घेते. चित्रपट पुन्हा पाहीन.

पण रांगण्याविषयीचा आक्षेप कायम आहे. तो नट जटा सावरत नुसता धावत गेला असता, तरी पीके त्याच्या मागोमाग त्या सभेत पोहोचलाच असता. खुर्च्यांखालून रांगण्याची गरज कथेला नव्हती, ती हशाला होती.